कलकत्त्याची मासिमा

“डोयात पाह्य आनं सांग.”

काकूंच्या दुकानात कुणी बोलताना जरा अडखळलं, की त्या हातातलं तराजूचं पारडं खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि एवढंच म्हणायच्या. मग समोर शाळा बुडवून गोळ्या घ्यायला आलेलं पोर असो, नाहीतर तेलात भेसळ नाही म्हणून शपथा घेणारा आर्वीचा व्यापारी असो. माणूस त्यांच्या डोळ्यांत बघायचा आणि खरं काय ते सांगून मोकळा व्हायचा.

अमरावतीहून नागपूरला जाताना तुम्ही कधी तळेगावला चहाला उतरला असाल, तर बाजाराच्या तोंडाशी असलेलं ते किराणा दुकान तुमच्या नजरेला पडलंही असेल. गादीवर बसलेली उंच, रुंद हाडाची बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आवाज असा, की दुकानातून हाक मारली तर स्टँडवरचा कंडक्टर वळून बघे. काका त्यांच्या अगदी उलट. ते संत्र्याच्या बागेत रमायचे आणि बाजारात आले तरी कुणाला कळायचं नाही.

मी वर्ध्याची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तळेगावच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले. मुलींचा खो-खोचा संघ उभा केला. सरावानंतर मुलींना गूळ-शेंगदाणे लागत, ते काकूंच्या दुकानातून यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “पोरीयले पयवून काय भेटते वं मॅडम?”

मी म्हटलं, “मजा येते काकू.”

त्यांनी चष्मा वर केला. मी डोळ्यांत बघितलं. “बरं,” म्हणाल्या, आणि पुडीत दोन मुठी जास्त टाकल्या.

दोन वर्षांत आमच्या मुली वर्ध्यात जिंकल्या, नागपुरात जिंकल्या. नागपूरच्या सामन्यांना कलकत्त्याच्या एका क्लबाची माणसं आली होती. त्यांना मुलींचा खेळ इतका आवडला, की हिवाळ्यात त्यांच्या मोहल्ल्यात होणाऱ्या स्पर्धेचं निमंत्रण त्यांनी शाळेला पाठवलं. राहण्या-जेवण्याची सोय त्यांची. मी नाचायचीच बाकी होते. मुख्याध्यापकांनी पालकांची सभा बोलावली आणि तिथे माझा नाच थांबला.

आमच्या गावावरून जाणारा हमरस्ता नागपूर, रायपूर करत थेट कलकत्त्याला जातो. त्यामुळे गावाला कलकत्ता ठाऊक होतं ते ढाब्यावर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांच्या तोंडून. तिथे उभ्या माणसाचा खिसा कापतात. तिथे पोरी विकतात. तिथे दर दोन दिवसांनी दंगल होते, गटारीतून चालावं लागतं. आणि तिथल्या बाया जादू करून बाप्याचं बकरं करून ठेवतात, हे तर म्हाताऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

“पोट्ट्या नागपूरले गेल्या तोवरी ठीक होतं,” वंदनाचे वडील उठून म्हणाले. वंदना म्हणजे आमची सगळ्यात चपळ खेळाडू. “पर कलकत्ता? आनं संग कोन, तं ह्या मॅडम. याहीच्याच लग्नाचं पाहून राह्यले याहीच्या घरचे.”

सगळे हसले. मला रडू येत होतं. एकेक पालक मान हलवून उठायला लागला. तेव्हा मागून, दाराजवळून तो आवाज आला.

“मी जातो पोरीयसंग.”

काकूंचं कुणीच संघात नव्हतं. त्या सभेला आल्या होत्या ते शाळेत राहिलेलं शेंगदाण्यांचं रिकामं पोतं परत न्यायला. पोतं तसंच काखेत धरून त्या पुढे आल्या. “मले पाह्यतो कोन बकरी करते ते. जशा नेल्या तशा आनीन. डोयात पाहून सांगतो.”

आणि त्यांनी खरंच एकेका बापाच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानंतर कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही.

आता गंमत अशी, की कलकत्त्याला सगळ्यात जास्त शिव्या घालणाऱ्या काकूच होत्या. ट्रकवाल्यांची प्रत्येक गोष्ट त्यांनी गादीवर बसून ऐकली होती आणि त्यात थोडी स्वतःची भर घालून पुढे सांगितली होती. त्या स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. मग कशाला निघाल्या? हे मी त्यांना गाडीत विचारलं. वर्ध्याहून हावड्याची गाडी सुटली होती, मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या, आणि काकू लोखंडी पेटीवर पाय ठेवून ताठ बसल्या होत्या.

खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “मले नागपूरले शिकाले जायाचं होतं. मास्तरनं बापाले सांगतलं होतं, पोरगी हुशार हाय म्हनून. बाप म्हने, जाऊ दे, पर सोबत कोन? सोबत कोनी भेटलं नाई. मंग लगन केलं माहं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता पोरीयले पाह्य. चादर नीट नाई घेतली त्यायनं.”

हावड्याला उतरलो तेव्हा काकूंनी मुलींच्या ओढण्या एकमेकींना बांधून त्यांची साखळी केली होती. पहिलं टोक माझ्या हातात, शेवटचं त्यांच्या कमरेला. क्लबचे दोन तरुण पाटी घेऊन आम्हाला घ्यायला आले होते. त्यातल्या एकानं हसून काकूंच्या पेटीला हात घातला मात्र, काकू पेटीवर बसल्या.

“कोनाच्या पेटीले हात लावतं बे?”

पेटीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, तवा आणि पाटीभर संत्री होती. कलकत्त्यात काही खायचंच नाही असं ठरवून आणलेली. मी त्या तरुणांना हिंदीत समजावलं, काकूंना मराठीत समजावलं. काकू हलेनात. तेव्हा त्या पोरांनी काय केलं असेल? तेही शांतपणे काकूंच्या शेजारी फलाटावर मांडी घालून बसले. एकानं चहा आणला. पहिला कप काकूंसमोर ठेवला आणि म्हणाला, “मासिमा, चा.”

“काय म्हनते थो?”

“मावशी म्हणतोय, काकू.”

काकूंनी चष्मा वर केला. पोरगा तसाच बघत राहिला, हसत. काकूंनी चहा घेतला नाही, पण पेटीवरून उठल्या. पोरांनी पेटी उचलली. ती टॅक्सीत ठेवेपर्यंत काकूंचा एक हात मात्र तिच्या कडीवरच होता.

आमची सोय मोहल्ल्यातल्या एका शाळेत केली होती. शाळेसमोर मैदान, मैदानाला लागून एक तळं, तळ्याकाठी मिठाईचं दुकान. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू फाटकात खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन पहाऱ्याला बसल्या. थोड्या वेळात त्या धावत आत आल्या. “मॅडम, उठा! तोंड बांधलेले डाकू आले!”

मी बाहेर जाऊन पाहिलं. मोहल्ल्यातले सात-आठ म्हातारे सकाळी फिरायला निघाले होते. तिकडे थोडी थंडी पडली की पुरुषमाणसं नुसते डोळे दिसतील अशा माकडटोप्या घालतात. काठीवाली बाई दिसली म्हणून ते बिचारे नमस्कार करायला थांबले होते. एकानं टोपी वर करून तोंडाचं बोळकं दाखवलं तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला. मग त्या इतक्या हसल्या, की खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

तरीही पहारा सुटला नाही. मुली सामना खेळायच्या, जिंकायच्या आणि काकू त्यांना हाकत परत खोलीत आणायच्या. क्लबकडचं जेवण आलं की त्याला माशाचा वास येतो म्हणून त्या नाक दाबायच्या आणि व्हरांड्यात विटांची चूल मांडून भाकरी थापायच्या.

शेजारच्या घरातली एक बाई हे रोज खिडकीतून बघायची. सगळे तिला ‘बौदी’ म्हणत, म्हणजे वहिनी. काकूंना ते तिचं नावच वाटलं. दोन दिवसांनी त्यांनी मला हळूच विचारलं, “काऊन वं, इथं समद्याच बायांचं नाव बौदी कसं?”

तिसऱ्या दिवशी धाकट्या मीनाला ताप भरला. मी मैदानावर होते. परत आले तर बौदी मीनाच्या उशाशी बसून कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. तिनेच डॉक्टर बोलावले होते, ते येऊन औषध देऊन गेले होते. काकू भिंतीला टेकून हे सगळं बघत होत्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दुपार उलटून गेली तरी बौदी उठली नाही. घरून दोनदा बोलावणं आलं, तिनं हात हलवून परत पाठवलं. मीनाला घाम येऊन ताप उतरला तेव्हा कुठे ती उठली. तिची पाठ अवघडली होती.

काकूंनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, आपन तं इच्या दारात उभं बी राह्यलो नाई.”

त्या संध्याकाळी काकूंनी झुणका केला, भाकरी केल्या, वर चार संत्री ठेवली आणि पदराखाली ताट झाकून बौदीच्या घरी गेल्या. मी मागे. बौदीच्या सासूनं भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्यात बुडवला, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी “भालो, भालो”, म्हणजे छान, छान, म्हणत खात राहिली. मग त्यांनी काकूंपुढे एक ताटली ठेवली. खजुराच्या नव्या गुळातली मिठाई होती ती, हिवाळ्यातच मिळणारी. कलकत्त्यात पाण्याशिवाय काही तोंडात न घालणाऱ्या काकूंनी एक तुकडा उचलला. डोळे मिटले.

“भालो,” काकू म्हणाल्या. हा त्यांचा पहिला बंगाली शब्द.

तेव्हापासून त्यांनी मनाचं कुलूप उघडलंच म्हणायचं. काठी कोपऱ्यात गेली. सकाळी त्या माकडटोपीवाल्या म्हाताऱ्यांबरोबर तळ्याला फेरी मारू लागल्या. मिठाईच्या दुकानात बसून, खजुराच्या झाडाचा गूळ कसा काढतात हे हातवाऱ्यांनी समजून घेऊ लागल्या. येताना रस्त्यातली पोरं “मासिमा!” अशी हाक मारायची आणि काकू कंडक्टर वळेल अशा आवाजात “ओ!” द्यायच्या.

आमच्या मुली अंतिम सामन्यात पोचल्या. समोर त्याच मोहल्ल्याच्या क्लबच्या मुली. सामना दुपारी होता. त्या दिवशी सकाळी बौदी काकूंना कालीमातेच्या दर्शनाला घेऊन निघाली. वंदनानं हट्ट धरला, तिच्या आईनं देवीचं कुंकू आणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, सामना आहे. काकू म्हणाल्या, “जेवाच्या आधी येतो वापस. बौदी हाय संग.”

जेवायची वेळ झाली. बौदी आली. एकटी.

देवळाच्या गर्दीत तिच्या हातून काकूंचा हात सुटला होता, आणि वंदना काकूंबरोबरच होती. तिनं सगळं देऊळ पालथं घातलं, पोलिसांना सांगितलं, आणि मग त्या घरी आल्या असतील या आशेनं धावत आली.

मला काय वाटलं ते सांगता यायचं नाही. मला वंदनाच्या वडिलांचा चेहरा दिसत होता. ट्रकवाल्यांच्या सगळ्या गोष्टी खऱ्या होताना दिसत होत्या. वंदनाला काही झालं, तर तळेगावची एकही मुलगी पुन्हा गावाची वेस ओलांडणार नाही, हे मला लख्ख कळत होतं. आणि काकूंना तर मोहल्ल्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तो पत्ता माझ्याकडे होता, त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

मोहल्ला मात्र माझ्याआधी उठला. क्लबची पोरं सायकली काढून निघाली. म्हातारे टोप्या काढून फोनला बसले. मिठाईवाल्यानं दुकान बंद केलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

सामन्याची वेळ आली. पंच म्हणाले, नियमानं थांबता येत नाही. उरलेल्या मुली खेळवा, नाहीतर सामना सोडा. मुली रडत होत्या. त्यांना उभं करायचं तरी कसं? तेवढ्यात समोरच्या संघाची कप्तान पुढे आली. लांब वेणीची, काटकुळी मुलगी. ती पंचांना बंगालीत काहीतरी ठणकावून बोलली आणि सगळ्या संघाला घेऊन मैदानाच्या मधोमध खाली बसली. क्लबच्या सेक्रेटरींनी मला हिंदीत सांगितलं, “ती म्हणते आहे, मासिमा घरी आल्याशिवाय आम्ही खेळत नाही. कप हवा तर तळ्यात टाका.”

आता तिकडे काय झालं ते ऐका. हे मला नंतर वंदनानं सांगितलं, आणि काकूंनी तर पुढे दुकानात वर्षानुवर्षं सांगितलं.

हात सुटल्यावर दोघी लोटल्या गेल्या त्या देवळाच्या भलत्याच बाजूला. तिथे ट्राम उभी होती. सकाळी बौदीनं ट्रामनंच आणलं होतं, म्हणून काकू वंदनाला घेऊन चढल्या. बराच वेळ झाला, तळं येईना. वंदना मुसमुसायला लागली. काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं, उभ्या राहिल्या आणि अख्ख्या ट्रामला उद्देशून म्हणाल्या, “आमी हरवलो!”

वऱ्हाडीत. पण तो स्वर कुठल्याही भाषेत कळावा असा.

एका बाईनं वंदनाला जवळ घेतलं. शेजारचा एक म्हातारा, मफलर गुंडाळलेला, कुठे जायचंय ते विचारत हळूच म्हणाला, “कोथाय जाबेन, मासिमा?”

मासिमा हा शब्द ऐकला आणि काकूंना धीर आला. त्यांनी चष्मा वर केला, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग बोटांनी तळं काढून दाखवलं. मिठाई खाऊन दाखवली. वंदनाला म्हणाल्या, “बस व, खाली बस. खो-खो दाखव याहीले.” वंदनानं चालत्या ट्रामच्या दोन बाकांमध्ये उकिडवं बसून, उठून, पाठीवर थाप मारून “खो!” दिला.

आणि मग ट्रामभर वाद पेटला. एक म्हणे उत्तरेकडे, एक म्हणे दक्षिणेकडे. एक म्हणे तळं म्हणजे अमुकच, दुसरा म्हणे त्या तळ्याकाठी चांगली मिठाईच मिळत नाही. कंडक्टरनं दोरी ओढून ट्राम थांबवली आणि तोही वादात उतरला. कुणाला घाई नव्हती असं नाही. कुणी कचेरीला निघालेलं, कुणी दवाखान्यात डबा घेऊन चाललेलं. पण कुणीही “लवकर चला” म्हणालं नाही. काकू सांगायच्या, “माह्यापायी समदी गाडी भांडून राह्यली होती. आनं एकबी मानूस माह्यावर रागावला नोता.”

शेवटी मफलरवाला म्हातारा दोघींना घेऊन उतरला. एका औषधाच्या दुकानातून त्यानं फोन लावायला सुरुवात केली. एका मित्राला, त्यानं सांगितलेल्या दुसऱ्याला, खेळाच्या बातम्या देणाऱ्या कुणाला. दुकानदारानं दोघींना स्टुलावर बसवून वंदनाला बिस्किटं दिली. बऱ्याच फोनांनंतर मोहल्ल्याचा पत्ता लागला. म्हाताऱ्यानं टॅक्सी थांबवली आणि तो स्वतःही आत बसला. त्याला खरं म्हणजे कुठे जायचं होतं, हे कुणाला कधी कळलंच नाही.

इकडे हिवाळ्याचा दिवस. कलकत्त्याला सूर्य आपल्यापेक्षा किती लवकर बुडतो! मैदानावर सावली पसरत आली होती. दोन्ही संघांच्या मुली आता एकाच घोळक्यात बसल्या होत्या. मी फाटकाजवळ उभी होते.

गल्लीच्या तोंडाशी मिठाईवाल्यानं आरोळी ठोकली. टॅक्सी वळली. खिडकीतून आधी वंदनाचा हात दिसला, मग काकूंचं कुंकू. पुढचं मला धड आठवत नाही. मुली धावल्या, बायका खिडक्यांतून ओरडल्या, कुणीतरी शंख फुंकला. काकू उतरल्या त्या सरळ बौदीकडे गेल्या. ती पायरीवर डोकं धरून बसली होती. काकूंनी तिला उठवून छातीशी धरलं. “रडू नोको व. मी कायले हरवतो? तुह्यं गाव लय मोठं हाय, येवढंच.”

टॅक्सीवाल्यानं भाडं घ्यायला नकार दिला. टॅक्सी लावून तो सामना बघायला बसला. मफलरवाला म्हाताराही.

पण अंधार पडत होता. पंचांनी आकाशाकडे पाहिलं. तर सेक्रेटरींनी नुसती हाक दिली, आणि मैदानाभोवतालच्या घरांच्या खिडक्यांतून वायरी बाहेर आल्या. क्लबची पोरं बांबूंवर चढली. बघता बघता मैदानाभोवती पिवळ्या दिव्यांची माळ लागली. तळ्याच्या पाण्यातही ती उतरली. तसा प्रकाश मी पुन्हा कुठल्या मैदानावर पाहिला नाही.

सामना काय सांगू! दोन्हीकडच्या मुली जीव तोडून पळाल्या. शेवटच्या पाळीत आमचं आक्रमण होतं. बरोबरी झालेली, वेळ संपत आलेली. समोर त्यांची कप्तान, ती लांब वेणीची. खांबाजवळ वंदनाला खो मिळाला. कप्तान खांबाला वळसा घालून निसटणार, तोच वंदनानं एका हातानं खांब धरून सूर मारला. सगळं अंग हवेत आडवं. बोटांची टोकं कप्तानच्या टाचेला लागली आणि पंचांची शिट्टी वाजली.

त्यांचा मोहल्ला, त्यांचा संघ, हरला होता. आणि मग सगळा मोहल्ला टाळ्या वाजवत उभा राहिला. ढोल कुठून आला देव जाणे. टॅक्सीवाला नाचत होता. काकू मात्र आधी आमच्या मुलींकडे गेल्याच नाहीत. त्या हरलेल्या मुलींच्या रांगेत गेल्या. एकेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून कुरवाळलं, पदरातून उरलेली संत्री काढून दिली. कप्तानपुढे आल्या तेव्हा त्यांनी तिची बोटं आपल्या कपाळाला लावली.

तळेगावला उतरलो तेव्हा सगळं गाव स्टँडवर होतं. वंदनाच्या वडिलांनी कपाकडे पाहिलंच नाही, ते पोरीला चाचपून बघत होते. काकूंनी त्यांना हटकलं, “पाह्य, समदी हाय का! आनं आता ऐका, डोयात पाहून सांगतो. आमी हरवलो होतो. आपलं गाव हरवलेल्याले येवढं सांभायते का, थे इचार करा.”

लपवता आलं असतं. आम्ही सगळ्यांनी लपवायचंच ठरवलं होतं. पण काकूंनी भर स्टँडवर सगळं सांगितलं, आणि नेमकं त्यामुळेच गावाचा विश्वास बसला. पुढच्या वर्षी मुली पुण्याला गेल्या, मग इंदूरला. पुढची काही वर्षं सोबत काकूच. वंदनाचं शिक्षण थांबलं नाही. ती आज एका शाळेत माझ्याच विषयाची शिक्षिका आहे. आणि ट्रकवाल्यांचं म्हणाल, तर काकूंच्या दुकानासमोर कलकत्त्याला नाव ठेवायची कुणाची टाप राहिली नाही. कुणी तोंड उघडलंच तर, “तू गेलता का? नाई ना? मंग चूप बस.” बंगालच्या नंबराचा ट्रक थांबला, की ड्रायव्हरला आधी पाणी आणि वर ‘या, या’ अशी त्याच्याच भाषेतली एक हाक, “एशो, एशो!”

मी नंतर वर्ध्याच्या शाळेत बदलून आले. काही वर्षांनी काकूंच्या पायाचं हाड मोडलं आणि त्यांना सावंगीच्या दवाखान्यात ठेवलं. मी रोज संध्याकाळी ऑटोनं डबा घेऊन जायची. आता काकू नाहीत. सावंगीहून बऱ्या होऊन गेल्या, वर्षभर गादीवर बसल्या, आणि एका दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. दुकान मुलगा चालवतो, चांगलं चालवतो. पण काकू म्हटलं की मला त्या गादीवर आठवत नाहीत. आठवतात त्या सावंगीच्या वॉर्डातल्या.

तिथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती. नवीनच आलेली. एका संध्याकाळी ती खिडकीशी उभी राहून मोबाइलवर दबक्या आवाजात बोलत होती आणि डोळे पुसत होती. काकूंनी कान टवकारले.

“बंगालीत बोलून राह्यली,” त्या मला म्हणाल्या, आणि मोठ्यानं हाक मारली, “ओ डॉक्टर! एशो, एशो!”

मुलगी दचकून वळली. जवळ आली. ती कलकत्त्याचीच होती. हिंदीत म्हणाली, आई रोज रडते. एवढ्या लांब, अनोळखी मुलखात एकटी मुलगी. इकडच्या लोकांबद्दल, इकडच्या उन्हाबद्दल तिनं काय काय ऐकलं आहे. परत ये म्हणते.

काकूंनी हात पुढे केला. “फोन दे.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दे.

काकूंना मोबाइल कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तो तोंडासमोर धरला आणि कलकत्त्याला फोनशिवायही ऐकू जावं अशा आवाजात बोलायला सुरुवात केली. “हॅलो! बौदी! मैं इधर की मासिमा बोल रही. सुनो, तुमारी लडकी अकेली नही है. मैं है ना. मेरा गाव है बाजू में, मेरा लडका है, बहू है. आज से इसका खाना हमारे घर से आयेगा. तुम रोना मत. और भालो, सब भालो!”

सगळा वॉर्ड ऐकत होता. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला कळलं नाही. पण ती डॉक्टर मुलगी खाटेच्या दांडीला धरून हसत होती, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि काकू प्लास्टरमधला पाय पुढे पसरून, राणीसारख्या टेकून, कलकत्त्यातल्या त्या अनोळखी बाईला ज्वारीच्या भाकरीबद्दल सांगत होत्या.